तळ्यातल्या रोहूंना, रोख पावतीसह

प्रति,
समस्त रोहू, कटला व मृगळ,
मु. पो. पैसे भरून मासे धरण्याचे तळे,
कर्जतच्या पुढे, जि. रायगड.

विषय : रविवारी गळाला न लागल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गेल्या रविवारी दोन गाड्या भरून आलेल्या आमच्या कुटुंबाने माणशी प्रवेशशुल्क भरले, गळाचे भाडे भरले, कणकेच्या गोळ्यांचे वेगळे पैसे दिले, वर मासा लागलाच तर तो किलोच्या भावाने विकत घेण्याची तयारीही दाखवली. तरीही आपल्यापैकी एकानेही आमची दखल घेतली नाही. सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. तळेमालकांनी त्यापुढची पायरी गाठून ‘मोजेल त्याला मासा’ असा फलक लावला असेल, अशा समजुतीने आम्ही आलो होतो.

आलो होतो निवांत दिवस घालवायला, हे मान्य. पण निवांतपणाचे पैसे भरले की माणसाला निवांत बसवत नाही. आमचे साडू दर दहा मिनिटांनी गळ वर ओढून कणीक शाबूत आहे का ते बघत होते. बँकेतून निवृत्त झालेत. शिल्लक तपासायची सवय जात नाही. मेहुणीने तर दुपारी एकलाच हिशेब मांडला की, एवढ्या पैशांत मंडईतून चार रोहू साफ करून आले असते.

आता आपल्या घराण्याविषयी. आपण काही उल्हास नदीतून पोहत आलेले नाहीत. आपल्या जातीची मादी साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिला पावसाळी पूर लागतो, वाहते पाणी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन हा हट्ट मोडून काढला. त्याची आठवण म्हणून दर १० जुलैला देशभर मत्स्यशेतकरी दिन पाळतात. तेव्हापासून आपण हॅचरीत जन्मता, मत्स्यजिऱ्यांची बोटुकली झालात की ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बसून टेम्पोने तळ्यावर येता. म्हणजे या रायगडात आपण आमच्याइतकेच उपरे. नदी आपणही पाहिलेली नाही, आम्हीही पाहिली ती पुलावरून, गाडीची काच वर करून. तेव्हा स्थानिक असल्याचा तोरा आपण आम्हाला दाखवू नये.

कटलासाहेब वरच्या थरात चरतात, रोहूमहाशय मधल्या, मृगळराव तळाशी. तिघांना एका तळ्यात सोडायचे ते याच हिशेबाने, की कोणी कोणाच्या ताटात हात घालू नये. आमच्या सोसायटीला हे अजून साधलेले नाही. मात्र त्यामुळे बूच दोरीला किती वर बांधायचे यावरून मामा आणि साडू यांच्यात जुंपली, त्यात मामांचे लग्नातले जुने मानपानही निघाले, याची जबाबदारी आपल्याला टाळता येणार नाही.

दुसरी तक्रार ऐकण्याची. आपल्या कुळात पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, आणि इतर पुष्कळ माशांपेक्षा आपल्याला बरे ऐकू येते. म्हणजे भाच्याने काठावर ठेवलेल्या स्पीकरवरची सगळी गाणी आपण ऐकलीत आणि तरी दाद दिली नाही. तिसरी तक्रार खाण्याची. आपल्या जबड्यात दात नाहीत, ते घशात असतात. त्यामुळे आपण घास आधी ओढून घेता, संशय आला की थुंकून टाकता. आमची कणीक आपण अशी किती वेळा चाखून परत केलीत ते तळ्यालाच ठाऊक. आमचे दात आमच्या घशात घालण्याचे काम आपण मुळातच जय्यत तयारीने करता, एवढेच नोंदवतो.

आमची आत्या मालवणची. ती आल्यापासून आंब्याखाली खुर्ची टाकून बसली होती. गळ दिला तर घेईना. “गोड्या पाण्यातल्या माशाक मातयेचो वास येता,” म्हणाली, आणि काट्यांविषयी जे बोलली ते आपल्या घराण्यासमोर उच्चारणे बरे नव्हे. लहानपणी खाडीवर गळ टाकून गरवायला बसलेली बाई ती. साडूंची ओढाताण बराच वेळ बघून तिने एकच शेरा मारला : “गरवूक बसलेल्यान घड्याळ बघूचा नाय.” सबंध तळ्यावर त्या दिवशी विश्रांती घेतलेले माणूस ते एवढेच, आणि तिकीट तिचेही पुरे लागले.

सगळ्यात जिव्हारी लागला तो संध्याकाळचा प्रकार. राखणदार घमेले घेऊन तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेला. घमेल्यात भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड, पाण्यात कालवून मुटके वळलेले. त्याने घमेल्याच्या कडेवर दोन टिचक्या मारल्या. मुटका पाण्यात पडण्याआधीच कोपरा उकळल्यासारखा झाला. लालसर पर, रुंद काळपट पाठी, वर वळलेली कटल्याची तोंडे, सगळे हजर! दिवसभर आम्हाला तळे रिकामे असल्याची शंका येत होती, आणि इथे हजेरीपट भरला होता. मामा गळ घेऊन तिकडे धावले. राखणदाराने त्यांना अदबीने अडवले. खाणे चालू असताना कोपऱ्यात गळ टाकायला बंदी आहे, पाटी वाचा म्हणाला. पाटी होती. तीही आपल्याच सोयीची.

अखेर त्यानेच दुसऱ्या बाजूने पाग फेकून एक रोहू काढून दिला. वजन झाले, पैसे दिले. साडूंनी तो दोन्ही हातांनी पुढे, कॅमेऱ्याच्या अगदी नाकाशी धरून फोटो काढवून घेतला, म्हणजे फोटोत मासा साडूंपेक्षा मोठा दिसतो. ‘आज स्वतः धरलेला’ या मजकुरासह तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर आहे. आपण तो खोडून काढणार नाही, अशी खात्री आहे. रोहू शेजारच्या बंगाली काकूंना दिला. त्यांनी डोके वेगळे मागून घेतले आणि आम्हाला अडाण्यात काढले.

आपण उन्हे चढण्याआधी आणि कलल्यावर खाता, असे राखणदार सांगतो. आम्ही घरून सहाला निघायचे ठरवतो. पण सगळे आवरून, कर्जतला वडा खाऊन पोचेपर्यंत साडेअकरा होतात. सबब विनंती की, निदान रविवारपुरता आपला नाश्ता साडेअकरापर्यंत लांबणीवर टाकावा.

कळावे,
आपले कृपाभिलाषी,
एक पैसे भरलेले कुटुंब

ता. क. : पुढच्या खेपेला आत्या येणारच आहे, गळ न घेता. तिच्याकडून तिकीट घेऊ नये, असे तळेमालकांना आपणच परस्पर कळवावे. आमचे ते ऐकत नाहीत.