आधी सलाईन

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सीरोटायपिंगच्या टेबलाला चिकटलेला एक गृहस्थ असतोच. पुण्यातले आमचे बापूसाहेब त्यातले. कॉफमन-व्हाइट यादीत साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक सीरोटाइप आहेत. माणसांचे त्याहून कमी नसणार, असं बापूसाहेबांचं मत. फक्त माणसांची अँटिसीरा अजून बाटलीत मिळत नाहीत, एवढीच खंत.

त्यांचं काम सोवळ्यातलं. स्लाइडवर आधी नुसत्या सलाईनच्या थेंबात कॉलनी कालवायची. तिथेच गुठळ्या झाल्या तर तो स्ट्रेन बाद, त्याची पुढची साक्ष ग्राह्य नाही. मग पॉलीव्हॅलंट ‘ओ’ सीरम, मग एकेक फॅक्टर. दिव्यापुढे स्लाइड डोलवायची. मिनिटभरात थेंब नासलेल्या दुधासारखा दिसला, की बापूसाहेबांचा चेहरा उजळतो. कॅन्टीनमध्येही हाच खाक्या. साहेबांनी तोंड उघडण्याआधीच हसणाऱ्या नव्या कारकुनाकडे बघून ते पुटपुटले, “सलाईनमध्येच गोळा झाला. बाद.”

‘साल्मोनेला पूना’ हा त्यांचा खास अभिमानाचा विषय. स्वतःचा मोबाइल नंबर आठवत नाही, पण पूनाचं ‘१३, २२ : झेड : १, ६’ हे सूत्र झोपेतही म्हणतील. २०१५ मध्ये अमेरिकेत याच जंतूने नऊशेच्या वर माणसं आजारी पाडली. बळी गेले त्याचं वाईट वाटतंच, पण पाठोपाठ, “काकडी मेक्सिकोची, पोटं अमेरिकेची, आणि नाव आपलं!” हेही येतंच.

भाचीला बघायला मुलगा आला. गोड बोलणारा, सगळ्यांना पसंत. बापूसाहेब म्हणाले, “ही पहिली फेज. साल्मोनेलाच्या शेपटांना बहुधा दोन फेज असतात. मऊ अगारमध्ये पहिलीचं सीरम घालून तिला जागीच अडकवायचं, मग पोहत पुढे येते ती दुसरी.” इथे अगार कुठून आणणार? त्यांनी मुलाला संध्याकाळी लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा शोधायला पाठवलं. तासाभराने तो परतला, तेव्हा दुसरी फेज जिन्यातूनच ऐकू आली.

घरच्यांची तोंडं उतरली. बापूसाहेब मात्र पेढ्याचा पुडा सोडत होते. “करा पक्कं! सहसा एकाच फेजवर राहणारा कोण, ठाऊक आहे? टायफॉइडचा जंतू!”