पाव भाड्याचा माणूस

रेल्वेचा हिशेब चोख असतो. कर्करोगाचा रुग्ण उपचाराला निघाला, तर स्लीपर आणि थ्री एसीत त्याचं भाडं माफ. सोबत जाणाऱ्याला मात्र 75 टक्के सवलत. म्हणजे हा दुसरा माणूस पाव भाडं भरतो. कशाबद्दल, ते तिकिटावर छापलेलं नसतं. गाठ त्याच्या अंगात नाही, एवढाच त्याचा गुन्हा असावा.

तीही सवलत हॉस्पिटलने ठरावीक नमुन्यात दाखला दिल्यावर. रोग आहे की नाही हे कळायलाच निघालेली जोडी पहिल्या खेपेला पूर्ण भाड्याची. पुढे रेशनकार्डाची झेरॉक्स घरी राहिली आणि सोबतचा एकटाच गावी पळाला, तर पुन्हा पूर्ण भाडं. रुग्ण शेजारच्या बर्थवर असेल तोवरच त्याचं दुःख ग्राह्य धरलं जातं.

सिंधुदुर्गातल्या रेडीहून हे सगळं आणखी लांबचं. आधी शिरोड्याला या, मग सावंतवाडी, तिथून मळगावच्या स्टेशनावर, मग रात्रभर तुतारी एक्सप्रेसमध्ये, आणि सकाळी दादर. रेडीच्या खाणीतलं लोहखनिज गावच्याच बंदरातून जहाजात चढून परदेशी गेलं. दगडाला इतकं सोपं आणि माणसाला इतकं अवघड असलेलं गाव शोधून सापडायचं नाही.

जवळ काही नाही का? आहे की. बांबोळी. गोव्याचं मेडिकल कॉलेज. सिंधुदुर्गातली आजारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच जातात. पण 2018 च्या सुरुवातीला गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, आणि मग दोन सरकारांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांतून वाट काढायचं ठरवलं. आता गंमत बघा. तेरेखोल हे गाव नदीच्या अलीकडे, रेडीच्या कुशीत. पण किल्ल्यासकट ते गोव्याचं. तेरेखोलचा माणूस बांबोळीत गोंयकार, आणि त्याच्या बांधालगतचा रेडकर परप्रांतीय. पेशी बिघडताना आधारकार्ड बघत नाहीत, काउंटर बघतो.

गावात मदत मिळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. सल्ल्याची मदत तर भरतीच्या पाण्यासारखी येते. बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी पडवी भरते. "सुरी लावू नकात हां, सुरी लागली काय ता पसारता." "माझ्या मेवण्याचो शेजारी निस्त्या पाल्यान बरो झालो." "माउलीक गाऱ्हाणा घातलास मा?" आजारी माणूस आत पडून हे सगळं ऐकत असतो आणि सोबतचा माणूस चहा टाकत असतो. पेढ्यांच्या, पाल्याच्या आणि भस्माच्या पुड्या जमतात. बायोप्सीचा रिपोर्ट कुठल्या पिशवीत ठेवला, हे त्या पुड्यांखाली शोधावं लागतं. पंधरा दिवसांनी पडवी रिकामी होते, कारण उपचार सुरू झालेले असतात आणि त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही राहत नाही.

कोकणातल्या माणसाची खरी आधारसेवा होती ती मुंबईत, परळ-लालबागला, आणि तिला कुठल्याही ट्रस्टचा नोंदणी क्रमांक नव्हता. 1941 साली परळला टाटा हॉस्पिटल उघडलं ते नेमकं गिरणगावात. आणि गिरणगावात कोकणातल्या गावांच्या खोल्या होत्या. गावकीची खोली. दहा बाय बाराच्या जागेत पाळीपाळीने झोपणारे गिरणीकामगार, भिंतीला ओळीने ट्रंका, ट्रंकांवर गावच्या देवीचा फोटो. त्यात आणखी एक पेशंट आणि एक सोबती कुणाला जड जात नसे. रात्रपाळीहून आलेला सकाळी केसपेपरच्या रांगेत उभा राहायचा. खानावळवाल्या मावशीकडून पेज यायची. समुपदेशन हा शब्द त्या चाळीत कुणी ऐकला नसेल, पण रात्री अकराला भजनात रुग्णाला भिंतीला टेकवून बसवायचे आणि टाळ हातात द्यायचे. मी त्या चाळींचं उगाच कौतुक करत नाही, तिथले संडास कुठल्याही रुग्णाला आणखी आजारी करतील असेच होते. पण माणूस एकटा पडत नव्हता.

1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांमागून खोल्या गेल्या. चाकरमानी विरार, नालासोपारा, बदलापूर असा पांगत गेला. आज रेडीचा पुतण्या बदलापुरात राहतो. काकाला परळला केमोला न्यायचं तर लोकलची सकाळची गर्दी आधी पार करायची, आणि ती पार करेल त्या माणसाला केमोची गरज नाही. हॉस्पिटल जागेवर आहे, त्याच्या भोवतीचं कोकण उठून गेलं. म्हणून हॉस्पिटलबाहेर जेरबाई वाडिया रस्त्याच्या फूटपाथवर प्लास्टिकच्या शीटखाली रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दिसतात. टीव्हीवाले त्यांना दरवर्षी 4 फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी भेटतात.

2021 मध्ये म्हाडाने या नातेवाइकांसाठी लालबाग-काळाचौकी भागात शंभर सदनिका दिल्या. चाव्याही दिल्या. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती आली, आणि मग सरकारने दुसरीकडे शंभर सदनिका देऊ केल्या. ही हरकत त्याच लालबागमध्ये, जिथे एका खोलीत पंधरा जण झोपत आणि सोळाव्याला सरकून जागा देत. टॉवरमध्ये सरकता येत नाही, दोन्ही बाजूंना भिंत लागते.

तरी मुंबईत मदत भरपूर आहे, हे कबूल करायला हवं. गोम एवढीच, की ती मुंबईत आहे. दादर पूर्वेला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, आणि तुतारी दादरलाच थांबते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. पोरगं आजारी असेल तर 2006 पासून सेंट ज्यूड संस्था आईबापांसकट ठेवून घेते, आणि तिथे प्रत्येक आईला स्वतःच्या हाताने रांधता येतं. इंडियन कॅन्सर सोसायटी 1951 पासून आहे, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन 1969 पासून, व्ही केअर 1994 पासून. खुद्द टाटात समाजसेवकांचा विभाग आहे. रेडीच्या माणसाला हे कळतं ते रांगेत पुढे उभ्या असलेल्या बिहारच्या माणसाकडून. तोवर लॉजवाल्याने बायकोच्या बांगड्यांपर्यंत मजल मारलेली असते.

उपचार संपले, किंवा डॉक्टरांनी संपवले, की दोघं परत रेडीत. इथून पुढचा वॉर्ड घरीच. ड्रेसिंग, नळीतून पेज, रात्रीच्या कळा. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून संसदेने 2014 मध्ये कायदा बदलला. दिल्लीतून निघालेल्या त्या गोळीलाही मध्ये गाड्या बदलाव्या लागत असाव्यात. शेवटच्या दिवसांची काळजी घेणारी शांती आवेदना ही संस्था 1986 पासून वांद्र्याला आहे, गोव्यात लोटलीलाही आहे. तिचं नाव रेडीच्या पडवीत मी अजून ऐकलेलं नाही. पाला कुठे मिळतो, ते तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

या सगळ्या काळात काजूच्या बिया झाडाखाली कोंब फुटेपर्यंत पडून राहतात आणि सोबतच्या माणसाची रोजंदारी बुडते. तिची भरपाई कुठल्याच योजनेत बसत नाही. योजनेत रोगाचं पॅकेज असतं, माणसाचं नसतं.

वर लिहिलेली नावं एका कागदावर मावतात. तो कागद शिरोड्याच्या सरकारी हॉस्पिटलात आणि रेडीच्या पंचायतीत चिकटवायला निधी, ठराव, टेंडर काही लागू नये, पण लागेलच. म्हणून मी स्वस्तातला तोडगा सुचवतो. शिरोडा नाक्यापासून रेडीपर्यंत वाढदिवसाचे, निवडीचे आणि अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. त्यांची पाठची बाजू कोरीच असते. नावं तिथे छापावीत, भावी आमदारांचा फोटो समोरून तसूभरही झाकला जाणार नाही.