बापू मॅनेजर काढतात

बापूंनी मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर परवा पुन्हा काढला. सकाळी साडेसहाला, पेठ-सांगली रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर, पहिला कप अर्धाच झाला असताना. "ह्यो बी गेला समजा," एवढंच ते म्हणाले आणि इंग्लंडमधल्या एका सद्गृहस्थाची नोकरी इस्लामपुरात संपली. तिकडं त्याला ते कळायला महिना-दीड महिना जातो, इतकाच काय तो उशीर.

आमच्या गावात कुस्ती कळणारे चिक्कार. संभूअप्पांच्या उरसातल्या मैदानात कुठल्या पैलवानाचा कुठला डाव फसला हे शेंबडं पोरगंही सांगेल. फुटबॉल मात्र पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरचा. बापूंची आत्या कोल्हापुरात दिलेली. सुट्टीत तिच्याकडं गेलं की शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा नाहीतर दिलबहार विरुद्ध प्रॅक्टिस. पायानं खेळायचा हा खेळ तोंडानं खेळायची सवय त्यांना तिथंच लागली. पुढं मोबाईल आला आणि कोल्हापूरच्या पेठांना लंडन, मिलान, माद्रिद जोडली गेली.

बापू साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झाले. येताना त्यांनी जुन्या हजेरीकार्डांचा एक गठ्ठा आणला, तो अजून पुरतोय. कार्डाच्या कोऱ्या बाजूवर ते निळ्या पेननं 4-3-3 मांडतात आणि लाल पेननं मॅनेजरच्या नावावर काट मारतात. मॅनेजर का काढायचा याचं त्यांचं शास्त्रही कारखान्यातलंच. रिकव्हरी घसरली की एम.डी. जातो, चेअरमन जात नाही. 2021 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून देणाऱ्या टूखेलला चेल्सीच्या नव्या मालकांनी सप्टेंबर 2022 मध्ये घालवलं, एप्रिल 2023 मध्ये पॉटर गेला, मग लॅम्पार्ड येऊन गेला, मे 2024 मध्ये पोचेटिनोनंही बाड-बिस्तरा बांधला. "आन् मालक?" बापू विचारतात आणि उत्तर आपणच देतात, "खुर्चीवर."

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट टॉर्की युनायटेडची. 2007 मध्ये लेरॉय रोझेनियर तिथं मॅनेजर झाला आणि दहा मिनिटांत गेला, कारण तेवढ्यात क्लब विकला गेला. "धा मिन्टं! आमच्यात जॉयनिंगचा फॉर्म भरायला अर्धा तास लागायचा." बापूंच्या देव्हाऱ्यात मॅनेजर एकच, ॲलेक्स फर्ग्युसन, 1986 ते 2013. आता फर्ग्युसनला युनायटेडमध्ये पहिली ट्रॉफी मिळाली 1990 मध्ये, म्हणजे त्या काळी बापूंच्या हातात मोबाईल असता तर त्यांनी देवाला 1988 मध्येच घरी बसवलं असतं. हे त्यांना सांगून उपयोग नाही. भारताच्या टीमचंही तेच. 2025 मध्ये खालिद जमील कोच झाले तेव्हा "आपला मानूस" म्हणून बापूंनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पहिली हार झाली आणि आपला मानूस लाल पेनखाली आला.

तर एवढी माणसं काढल्यावर जागा भरायचा प्रश्न येणारच. गाड्यावर मोबाईल दुरुस्तीवाला एक पोरगा बसतो. त्यानं सहज विचारलं, "बापू, एखादी बाईच का बघत न्हाई?"

बापूंनी कप ठेवला. "बाप्यांच्या टीमवर बाई? ऐकंल कोन तिचं?"

हा प्रश्न जगभर विचारतात, आणि विचारणाऱ्याचा चेहरा असाच विजयी असतो. मला त्यात एक गंमत वाटते. बापूंनी आजवर काढलेले झाडून सगळे पुरुष. मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग. प्रत्येकावर आरोप एकच, ड्रेसिंग रूम त्याचं ऐकत नाही. म्हणजे ऐकून न घ्यायची एवढी दांडगी परंपरा पुरुषांनीच घालून दिलेली, आणि परीक्षा मात्र बाईची.

मी ताराराणीचं नाव काढलं. कावळा नाक्यावरच्या त्या पुतळ्याला बापू एस.टी.तूनसुद्धा हात जोडतात. म्हटलं, औरंगजेबाविरुद्ध सात वर्षं फौज चालवली तिनं, सरदार ऐकतच होते की. बापू म्हणाले, "तवा खेळाडूंचे एजंट नव्हते."

पोरगा हटेना. मोबाईलवरून वाचू लागला. हाँगकाँगची चॅन युएन-टिंग, वय 27, ईस्टर्न क्लबची कोच, 2016 मध्ये पुरुषांची अव्वल लीग जिंकली. असं करणारी जगातली पहिली बाई.

"हाँगकाँग म्हंजे केवढं? आपल्या तालुक्याएवढं," बापू म्हणाले. "मोठ्या टीमबरोबर पडली का गाठ?"

पडली होती. 2017 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये पहिलीच मॅच चीनच्या ग्वांगझू एव्हरग्रांडशी, आणि हार 7-0. बापूंनी मांडीवर थाप मारली. "सात!" मग पोरानं हळूच पुढचं वाचलं, की त्या ग्वांगझूचा मॅनेजर होता ब्राझीलचा स्कोलारी. तोच स्कोलारी, ज्याच्या ब्राझीलनं 2014 च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये, घरच्या मैदानावर, जर्मनीचे सात गोल खाल्ले होते.

"त्ये नशीब," बापू म्हणाले. बाप्यानं खाल्ले की नशीब, बाईनं खाल्ले की बाई.

फ्रान्सची कथा त्यांनी जरा कान देऊन ऐकली. 2014 मध्ये क्लेरमाँ क्लबनं दुसऱ्या श्रेणीतल्या पुरुषांच्या टीमवर पोर्तुगालच्या हेलेना कोस्टाला नेमलं, केवढा गाजावाजा केला. पहिल्या मॅचआधीच ती निघून गेली. तिला न विचारता खेळाडू घेतले, तिला न सांगता मॅच ठरवल्या, असं तिचं म्हणणं. म्हणजे फोटोपुरती सही तिची, कारभार भाऊजींचा. आपल्याकडच्या ग्रामपंचायतींत हे चित्र काही नवं नाही. क्लबनं मग तिच्या जागी कोरीन दियाक्रला आणलं आणि ती तीन हंगाम टिकली, थेट 2017 मध्ये फ्रान्सच्या महिला संघाची कोच व्हायलाच गेली. चेल्सीत पॉटर सात महिने राहिला, एवढंच मी बापूंना आठवून दिलं.

पण त्यांचा नूर बदलला तो वेगळ्याच ठिकाणी. पोरगा वाचत होता, इंग्लंडमध्ये जुलै 2023 मध्ये फॉरेस्ट ग्रीननं हॅना डिंग्लीला पुरुषांच्या टीमवर बसवलं, टीम खालच्या श्रेणीत घसरल्यावर, आधीचा मॅनेजर काढल्यावर, आणि तेही हंगामी. महिना संपायच्या आत कायमचा पुरुष आला. जर्मनीत इंगोलस्टाटनं मे 2024 मध्ये सबरीना विटमनला आणलं, तीही आधी हंगामी.

"हंगामी?" बापूंनी विचारलं.

साखर कारखान्यात ज्यानं नोकरी केलीय त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बॉयलर पेटला की बोलावणं, गळीत संपलं की घरी. काम कायमवाल्याइतकंच, पगार नाही, आणि पुढच्या साली बोलावतील की नाही हे चिठ्ठी येईपर्यंत देवाला ठाऊक. बापूंची उमेदीची सगळी वर्षं हंगामीत गेली. कायम झाले तेव्हा केस पिकायला लागले होते.

"मग त्या जर्मनीच्या बाईला कायम केली का?"

"केली की. म्हैन्याभरात."

"बरं झालं," बापू म्हणाले आणि अर्धा चहा संपवला.

त्यातच नातवाचं प्रकरण झालं. नातू सकाळी कॉलेजच्या मैदानावर फुटबॉलला जातो आणि तिथं शिकवणाऱ्या मॅडम गडहिंग्लजकडच्या. तो तालुका फुटबॉलचाच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघात तळागाळातल्या पोरांच्या फुटबॉलचं काम बघितलेली अंजू तुरंबेकर तिथल्याच बेकनाळची. तर मॅडमनी बापूंच्या नातवाला, जो आजोबांच्या मते जन्मजात स्ट्रायकर, लेफ्ट बॅकला टाकला. बापू रविवारी मॅचला गेले ते हजेरीकार्ड आणि लाल पेन घेऊनच. मीही गेलो, भांडण बघायला.

मॅडम ओरडत नव्हत्या. गळ्यात शिट्टी, हातात पिवळ्या बिब्स. एका पोराला जवळ घेऊन सांगत होत्या, "पळालास छान. पण बॉल यायच्या आधी मान वर कर, नाहीतर पास कुणाला देणार?" पोरगं मान डोलवून पळालं आणि पुढच्या वेळी खरंच मान वर केली. तेरा-चौदाची सगळी पोरं तिचं ऐकत होती. ऐकत नव्हतो ते लाइनबाहेरचे आम्ही बाप्ये. एक काका तर पोरापेक्षा जास्त पळत होते.

आणि बापू ओरडले, "वर चढ रं! वर!"

नातू आजोबांचा. चढला. त्यानं सोडलेल्या जागेतून बॉल मागं गेला आणि गोल झाला.

मॅडम पोराकडं वळल्याच नाहीत. सरळ बापूंच्या समोर आल्या. "काका, त्याला वर कुणी पाठवला? मी का तुम्ही?"

आता इथं बापूंकडं उत्तरं पुष्कळ होती. रेफरी, मैदानातला खड्डा, गोलकीपरची उंची. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"मी," ते म्हणाले.

"मग आता तुम्ही जरा झाडाखाली बसा."

बापू बसले. बसण्याआधी त्या पळणाऱ्या काकांनाही दंडाला धरून बरोबर नेलं. मॅच 2-1 नं गेली. कार्डावर लाल पेन काही चाललं नाही, निळ्यानं लेफ्ट बॅकला नातवाचं नाव मात्र आलं.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर युनायटेडची जागा पुन्हा रिकामी होती. बापूंच्या हिशोबानं, अर्थात. मोबाईलवाला पोरगा डोळे मिचकावून म्हणाला, "बापू, पाठवायच्या का मग आपल्या मॅडमला?"

बापू खवळले. "खुळा हायस का? 2013 पास्नं एक मानूस धड नांदला न्हाई त्या घरात. तितं आपली पोरगी द्यायची?"

आणि नवं कार्ड काढून ते चेल्सीकडं वळले.