'शुगर फ्री' छापणाऱ्या महाशयांना खुलं पत्र

महाशय,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार'नं करायची असते. मी ती करत नाही, कारण तुमच्याविषयी माझ्या मनात प्रेम नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही एकटेही नाही. बिस्किटं, चिवडे, बर्फ्या, सरबतं विकणाऱ्या कचेऱ्यांमधून बसलेले, पुड्याच्या दर्शनी बाजूला काय छापायचं हे ठरवणारे तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. हिरवा रंग, कोपऱ्यात गव्हाची ओंबी, हसरं सडपातळ जोडपं आणि अंगठ्याएवढ्या अक्षरांत 'शुगर फ्री'. त्या अक्षरांच्या धन्याला हे पत्र आहे.

मधुमेहाचं निदान झालेला माणूस पहिल्या काही दिवसांत कसा असतो, हे तुम्हाला नेमकं माहीत आहे. तुमचा सगळा धंदा त्या दिवसांवरच उभा आहे. उपाशीपोटीची साखर १२६ च्या वर गेलेली असते, एचबीए१सी साडेसहाच्या पुढे. डॉक्टर गोळी लिहून देतात, 'गोड बंद, भात कमी, रोज चालायचं' एवढं सांगतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात, कारण बाहेर बाकांवर जागा उरलेली नसते. माणूस घरी येतो तो एकच प्रश्न घेऊन. आता खायचं काय? साठ वर्षं ज्या हातानं ताट वाढून घेतलं तोच हात भाताच्या पातेल्यापाशी अडखळतो. पोहे चालतील का? केळं? एकादशीचं काय? आईच्या हातचं वरण खाल्लेल्या माणसाला वरणाचीच भीती वाटू लागते. अशा घाबरलेल्या माणसाला दुकानाच्या फळीवरून तुम्ही हाक मारता: याची चिंता करू नका, यात साखर नाही.

माझी आत्या सांगलीला असते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिचा रिपोर्ट आला तसे शेजारपाजारचे, नातेवाईक, जुने विद्यार्थी भेटायला आले आणि येताना तुमचे पुडे घेऊन आले. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही ही आपली रीत. आधी ती चहाबरोबर दोन साधी बिस्किटं खायची आणि तिसऱ्याला हात आखडायची. तुमची बिस्किटं आली तशी ती चार खाऊ लागली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळीही. तिला कुणी फसवलंय असं तिला वाटलं नाही. जेवणानंतरची साखर उतरेना तेव्हा तिनं स्वतःलाच बोल लावला, की आपलंच चालणं कमी पडतंय. एक प्रामाणिक बाई तुमच्या चुकीचं खापर स्वतःच्या पायांवर फोडत होती.

आता पुड्याच्या आत काय आहे ते बोलू. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर 'शुगर फ्री' म्हणता येतं. तुम्ही तो नियम पाळता. मी तुमच्यावर कायदा मोडल्याचा आरोप करत नाही. माझा आरोप त्याहून गंभीर आहे. मधुमेहाच्या पेशंटचं शरीर फक्त साखर मोजत नाही. ते मैद्यातलं पिष्टही मोजतं, कारण पिष्ट पचून शेवटी ग्लुकोजच होतं. पुडा उलटा करून भिंगातून वाचला तर घटकांच्या यादीत पहिलं नाव बहुधा 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, तेव्हा पहिलं नाव म्हणजे सगळ्यात जास्त असलेली वस्तू, आणि ती वस्तू मैदा. पुढे तेल. मग कधी माल्टोडेक्स्ट्रिन, ज्याला 'शुगर' म्हणून मोजावं लागत नाही, पण जे रक्तात जवळजवळ ग्लुकोजच्या वेगानं उतरतं. मग माल्टिटॉलसारखा गोडवा. तो साखरेपेक्षा कमी चढवतो हे खरं, पण अजिबात चढवत नाही असं नाही.

अशा बिस्किटांत १०० ग्रॅममागे साधारण साठ ते सत्तर ग्रॅम कर्बोदकं असतात. चार बिस्किटं तीस ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे वीस ग्रॅम कर्बोदकं. एका साध्या पोळीला लागणाऱ्या तीस ग्रॅम कणकेतही तेवढीच असतात. म्हणजे आत्या चहाबरोबर दर वेळी एक जादा पोळी खात होती, दिवसाकाठी तीन, आणि त्या तिच्या हिशेबात नव्हत्या. पोळी ती मोजत होती. तुमच्या पुड्यानं तिला सांगितलं होतं, की हे मोजायचं नसतं.

आणखी एक गोष्ट मला सहन होत नाही. 'मधुमेहींसाठी खास' हे तुम्ही मराठीत छापता, टीव्हीवरच्या जाहिरातीत मराठीत सांगता. घटकांची यादी मात्र इंग्रजीत, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत, पुड्याच्या चुरगळलेल्या घडीखाली. नियमाला इंग्रजी किंवा हिंदी पुरेशी आहे, मराठीची सक्ती नाही, हे मला माहीत आहे. पण वचन द्यायला जी भाषा येते ती वस्तू उघड करताना कशी आठवत नाही? मधुमेहानं डोळ्यांना धोका असतो. कित्येक गिऱ्हाइकांची नजर अधू होत चाललेली असताना तुम्ही खरी माहिती सगळ्यात लहान अक्षरांत लिहिता.

दिवाळीतला तुमचा दुसरा माल म्हणजे 'नो ॲडेड शुगर' खजूर-अंजीर बर्फी. वरून साखर घातलेली नाही, हे खरं. पण खजुराच्या वजनाचा साठ-सत्तर टक्के भाग साखरच असतो, झाडानंच घातलेली. रक्तात गेल्यावर ती कुठून आली हे शरीर विचारत नाही. गुळाचे लाडू विकणारेही याच पंगतीतले. गूळ म्हणजे बहुतांशी सुक्रोजच. त्यातल्या लोहाचं कौतुक सांगून मधुमेही माणसाला तो खाऊ घालणं हे पाप आहे, मग सांगणारा कंपनीतला असो नाहीतर आपल्याच घरातला.

पण एका प्रसंगी मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असलेल्या माणसाची साखर कधीकधी एकदम खाली जाते. ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. त्या क्षणी त्याला साखरच लागते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. ज्यांना अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू आहे त्यांच्यासाठी ग्लुकोजची पूड घरात ठेवावी लागते, कारण त्या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. अशा वेळी घरातलं भेदरलेलं पोर कपाटातून काय काढेल? 'मधुमेहींसाठी खास' लिहिलेलं तुमचं शुगर-फ्री सरबत. आजोबांचा आजार मधुमेह, बाटलीवर मधुमेहाचं नाव, मग हेच द्यायचं असणार. त्या बाटलीत आजोबांना शुद्धीवर आणणारं काहीच नसतं. याचा इशारा तुम्ही पुढच्या बाजूला का छापत नाही? सॉर्बिटॉल, माल्टिटॉलनं जुलाब होऊ शकतात हे छापता, कारण ते छापायची सक्ती आहे. सक्ती नसलेलं एक वाक्य माणसाच्या जिवासाठी छापायला काय खर्च येतो?

पुड्यावरचं ते सडपातळ जोडपं मला खोटं वाटतं त्याचंही कारण सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर दोघांचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या आत चरबी दडलेली असू शकते, हे पुण्याच्या डॉक्टरनं स्वतःच्या देहावरून जगाला दाखवलं. अंगकाठी बारीक असलेला आपला माणूस मधुमेहापासून सुरक्षित नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियॅब पाहणीनं देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर मांडला. गोव्याचं प्रमाण सगळ्या राज्यांत सर्वाधिक, २६.४ टक्के. तुमच्या दृष्टीनं ही बाजारपेठ आहे. माझ्या दृष्टीनं ती आत्या, शेजारचे काका, पणजीची मावसबहीण आहे.

आमचं स्वयंपाकघर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. भाकरीत जादू नाही. एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात पस्तीस-चाळीस ग्रॅम कर्बोदकं असतात, पोळीपेक्षा बरीच जास्त. 'ज्वारी खाल्ली की शुगर होत नाही' म्हणून दोन-दोन भाकरी खाणारे मी पाहते आणि वाईट वाटतं. साबुदाणा तर जवळजवळ नुसतं पिष्ट. दाण्याच्या कुटानं त्याला थोडा आधार मिळतो, पण एकादशीला खिचडीची भरलेली ताटली हा मधुमेह्याचा उपवास होऊच शकत नाही.

पण भाकरी कुणाला काही वचन देत नाही. ती तव्यावर दिसते, हातात तिचा आकार कळतो, अर्धी मोडून ठेवता येते. आत्यालाही शेवटी हेच उपयोगी पडलं. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला ग्लुकोमीटर वापरायला शिकवलं आणि खाल्ल्यावर दोन तासांनी तपासून वहीत मांडायला सांगितलं. गणिताच्या बाईंना हे आवडलं. रेघा मारून तक्ता झाला: काय खाल्लं, किती, कशाबरोबर, आकडा. तुमच्या बिस्किटांपुढचा आकडा आणि साध्या बिस्किटांपुढचा आकडा यांत तिला फारसं अंतर दिसलं नाही. ती गप्प बसली आणि उरलेले पुडे तिनं परत कुणाला दिले नाहीत, फेकले.

आता तिच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे असतात. त्यातही कर्बोदकं आहेत, पण सोबत प्रथिनं आणि चोथा आहे, त्यामुळे साखर हळू चढते. पोहे ती सोडत नाही. पोह्यांचं प्रमाण निम्मं करते आणि उरलेल्या ताटलीत मोडाची मटकी, मटार, शेंगदाणे, कांदा-कोथिंबीर. जेवायला बसली की आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी मग, कारण भाजी-प्रथिनं आधी पोटात गेली की नंतरच्या पिष्टाची साखर कमी वेगानं चढते. सकाळी मुगाचं धिरडं. पेरू सबंध, रस कधीच नाही. रसावरून आठवलं: २०२४ साली एफएसएसएआयला '१०० टक्के फळांचा रस' हा दावाच लेबलांवरून काढायला सांगावं लागलं, इतकी तुमच्या व्यवसायबंधूंची मजल गेली होती. हापूस आला की ती दोन फोडी खाते आणि त्या दिवशी पोळी एक कमी घेते. जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या. हे सगळं कुणाही दुसऱ्यानं जसंच्या तसं उचलू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळींचं प्रमाणही विचारूनच ठरवावं लागतं. पण यातली एकही वस्तू तुमच्याकडून विकत घ्यावी लागली नाही. फुटाणे तर नाक्यावरच्या भडभुंज्याकडे मिळतात, तुमच्या पुड्याहून कितीतरी स्वस्त. तुमच्या महागड्या पुड्यांपायी किती पेन्शनरांनी डाळी, भाज्या, चाचणीच्या पट्ट्या यांत काटकसर केली असेल, याचा विचार तुमच्या बैठकीत कधी होतो का?

चिलीनं २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. लहान मुलालाही कळेल असा इशारा, पुढच्या बाजूला. आपल्याकडे २०२२ साली अशा लेबलांचा मसुदा आला तो ताऱ्यांचा. तारे म्हणजे शाबासकी. तुमच्या मालाला इशाऱ्याऐवजी शाबासकी देणारी ही पद्धत मला मान्य नाही आणि माझ्यासारख्या अनेकांनी ती मान्य करू नये असं मला वाटतं.

म्हणून माझी मागणी ऐका. कायद्याची वाट न बघता ती तुम्ही उद्याच्या छपाईत पुरी करू शकता. 'शुगर फ्री' ज्या आकारात छापता त्याच आकारात, त्याच बाजूला, मराठीत छापा: एका बिस्किटात इतके ग्रॅम कर्बोदकं. एका बर्फीत इतके. सरबताच्या बाटलीवर छापा: साखर एकदम खाली गेली असेल तर हे देऊ नका. मैद्याला मैदा म्हणा. आणि 'मधुमेहींसाठी खास' हे शब्द पुड्यावरून काढा, कारण मधुमेहींसाठी खास असं त्यात काहीही नाही.

— तुमची पूर्वीची एक गिऱ्हाईक