मोरांचं कुटुंबनियोजन

प्राणिसंग्रहालय चालवायचं म्हणजे वाघ-सिंह सांभाळायचे, असं वाटत असेल तर केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीचा ‘प्लॅनेट झू’ खेळून बघा. 2019च्या नोव्हेंबरात आलेल्या या व्हिडिओ गेममध्ये निम्मा दिवस जातो मोरांच्या कुटुंबनियोजनात. संततिप्रतिबंधाचं बटण दाबायला विसरलात की सख्ख्या भावंडांचीच पिल्लं. प्रतिकारशक्ती खालावलेली, घ्यायला कुणी तयार नाही. प्राण्यांचे हाल दिसले की फलक घेऊन निदर्शक दारात. (एवढी जागरूक जनता खऱ्या पालिकेला परवडायची नाही.) डिसेंबरात लगेच चार प्राण्यांचं आर्क्टिक पॅक वेगळ्या पैशांत निघालं, आणि तेव्हापासून खेळाडूंचा धोशा चालूच आहे: आमचा लाडका प्राणी कधी आणताय? आहेत त्यांची घाण काढायला माणसं पुरत नाहीत, ते वेगळंच.