मोजेवाल्या काकू

काशीत मराठी माणसांनी पुष्कळ बांधकाम केलं. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये विश्वेश्वराचं देऊळ उभारलं. नागपूरकर भोसल्यांनी घाट बांधला. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास असा भरभक्कम घाट बांधला की तो आपल्याच वजनाने खचला. या परंपरेतलं एक काम अजून चालू आहे, ते मोजेवाल्या काकूंचं. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागातल्या जुन्या मराठी वाड्यांतून या काकू हमखास भेटतात. आडनाव बदलेल, गोत्र बदलेल, पण हातातल्या चार सुया बदलत नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेचे घाटावरचे दिवे विझले की काकू ट्रंक उघडतात. तिच्यातून सगळ्यात आधी गेल्या वर्षीचा एक मोजा निघतो. एकच. त्याच्या जोडीचा या वर्षी व्हायचा असतो. पण ज्याच्यासाठी तो घातला त्या पुतण्याचा पाय दरम्यान दोन नंबरांनी वाढलेला असतो. मग तो मोजा धाकट्याच्या नावावर चढतो, थोरल्यासाठी नवा सुरू होतो, आणि संक्रांतीपर्यंत घरात दोन एकेकटे मोजे होतात. काकूंना यात काही वावगं दिसत नाही. "एक झाला म्हणजे दुसरा झाल्यातच जमा!"

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना काशीची थंडी ठाऊक नसते. "आमच्याकडेही असते की," म्हणत ते सुती शर्टात उतरतात. इकडे धुक्यात समोरचा घाट दिसत नाही आणि गल्लीत दुपारी बारालाही ऊन पोचत नाही. धनूचे पंधरा आणि मकरेचे पंचवीस असे चाळीस दिवस चिल्ला जाडा, हा इथला हिशेब. त्यात प्रत्येक देवळाबाहेर चपला काढायच्या आणि गार फरशीवर रांगेत उभं राहायचं. बुटांना इथे किंमत नाही, खरा आधार मोज्यांचा. थंडी वाढली की कलेक्टर शाळा बंद करतात. मुलं गारठू नयेत म्हणून करतात हे सगळ्यांना समजतं. काकूंच्या मते तो हुकूम मापं घेता यावीत म्हणून निघतो.

माप घ्यायची त्यांची रीत वेगळी. लहानांच्या पायाला हात लावायचा नाही, म्हणून त्या मूठ मागतात. पाहुणा काशीत आलेला, समोर कपाळभर कुंकू लावलेल्या वयस्कर बाई. तो भक्तिभावाने तळवा पसरतो. आता भाग्यरेषा, परदेशगमन, निदान बढती तरी! "पसरू नकोस रे, आवळ!" काकू खेकसतात आणि अर्धवट मोजा त्याच्या मुठीभोवती गुंडाळतात. टाच आणि चवडा भिडले की पाऊल बरोबर. हे माप सहसा चुकत नाही, दुकानदारही याच मापाने मोजे विकतात. पाहुण्याचं भविष्य मात्र राहूनच जातं.

सुयांवर अठ्ठेचाळीस टाके. तीन सुयांवर सोळा-सोळा, चौथी फिरती. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी होईपर्यंत काकू जगाशी बोलत असतात. टाच वळायला आली की घरात जमावबंदी. दूधवाला दारात ताटकळतो, फोन वाजून वाजून बंद पडतो. काकांनी "चहा...?" एवढंच विचारलं आणि टाका गळला, तर ती कथा होळीपर्यंत सांगितली जाते.

उन्हासाठी काकू छतावर बसतात आणि छतावर माकडं असतात. लोकरीचा गोळा हे माकडाला फळ वाटतं की काकूंना छळायचं साधन, सांगता येत नाही. पण गोळा तीन वाड्यांवरून फिरून येतो तेव्हा त्या भागातल्या सगळ्या वाळवणांना एकाच निळ्या धाग्याने बांधलेलं असतं. केळं दाखवलं की माकड गोळा टाकतं. मोजा पळवला असता तर काकूंनी तोही सोडला असता, फक्त आधी त्याची मूठ पाहिली असती.

काका कर्मठ. लोकर सोवळ्यात चालते, धाबळी तर खास सोवळ्याचीच. मग पूजेला मोजे का नकोत, हा काकूंचा सवाल. काकांनी गोळा चाचपून निकाल दिला, "हे ॲक्रिलिक. याने मेंढी कधी पाहिलेली नाही." काकूंनी लुधियानाहून आलेल्या त्या गोळ्यावरची चिठ्ठी पुढे केली. कंपनीचं नाव 'गंगा'. "गंगेला कसलं आलंय ओवळं?" शास्त्रार्थाच्या या नगरीत काका पहिल्यांदाच निरुत्तर झाले.

बिनबोटांचे हातमोजे हा पुढचा अध्याय. अंगठा मोकळा, बाकी हात झाकलेला, म्हणजे कुल्हड धरता येतं. काका पहाटे अंधारात गोमुखी समजून त्यातलाच एक उचलून जपाला बसले. अंगठ्याच्या भोकातून माळ घरंगळली, आणि आपलं ध्यान लागलं म्हणून मणी सापडत नाहीत, अशी त्यांची बराच वेळ समजूत होती.

काकूंची देवांविषयीही तक्रार आहे. थंडीत काशीतल्या कितीतरी देवळांत मूर्तींना लोकरी कपडे चढतात, लोहटियातल्या बडा गणेशालासुद्धा. "शाली घालतात, टोप्या घालतात. पायांचा विचार कोणी केलाय?" हे त्या इतक्या पोटतिडकीने विचारतात की कोणीतरी लवकर थांबवायला हवं, नाहीतर नंदीलाही चार लागतील.

बंगळूरच्या मुलाला दर जानेवारीत पार्सल जातं. तिथे लोकरीचं काही लागत नाही. मुलगा तो मोजा चष्म्याला वापरतो आणि फोनवर "फार ऊबदार आहेत गं," म्हणतो. त्याच्याकडेही एकच पोचलेला असतो.

तुम्ही पौष-माघात काशीला जाणार असाल आणि एखाद्या काकूंनी मूठ मागितली, तर मुकाट्याने द्या. रंग गडद सांगा, गल्लीत पांढरा टिकत नाही. आणि परतीचं तिकीट दुसऱ्या मोज्याची टाच वळल्याशिवाय काढू नका.