एसटीत दांडी न धरता उभे राहण्याची शास्त्रोक्त पद्धत

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या एसटीत जागा मिळवण्याचे दोनच मार्ग आहेत: खिडकीतून रुमाल टाकणे किंवा विधिमंडळ सदस्य असणे. दोन्ही न जमणाऱ्यांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन.

साहित्य : दोन कान आणि डोक्याच्या मागे, मानेच्या वर असलेला लहान मेंदू. वजनाने हा अख्ख्या मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज याच्याच पोटात. एवढ्याशा जागेत एवढी गर्दी कोंबायची कशी, हे एसटी महामंडळ इथूनच शिकले असावे.

कृती : डबल बेल पडताच पाय फाकवून, गुडघे जरा ढिले सोडून उभे राहावे. कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतले पाणी डोके वळल्याची वर्दी देते. शेजारच्या दोन पिशव्यांत चुनखडीचे बारीक खडे असतात. ते वजन आणि धक्का सांगतात. मात्र खडे भोळे. बस खड्ड्यात कलली काय किंवा ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला काय, त्यांना दोन्ही सारखेच. मग लहान मेंदूच्या तळाच्या घड्या नळ्यांची साक्ष काढतात : डोके कलले होते का? नाही? म्हणजे ब्रेकच. हा निवाडा तुमच्या ‘अगं आई गं’च्या आधी लागतो. त्यात आपले मत देऊ नये.

आता कंडक्टरकडे पाहावे. मांडी सीटच्या कडेला टेकलेली, एका हातात तिकिटाचे मशीन, दुसऱ्यात नोटा, बोटांच्या बेचक्यात चिल्लर. आणि दांडीशी संबंध शून्य. याचे मर्म मेंदूशास्त्रज्ञ कॅथलीन कलन यांच्या गटाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत आहे. माकडाने मान स्वतः वळवली की लहान मेंदूतल्या काही पेशी गप्प बसतात. कुणी दुसऱ्याने वळवली की ओरडतात. अपेक्षित ते वजा, अनपेक्षित तेवढे जमा. मान वळवताना मुद्दाम अडथळा आणला, तर त्या पुन्हा ओरडतात आणि सवय झाली की शांत होतात. कंडक्टरला या रस्त्याची अशीच सवय. स्टिअरिंग हातात असलेल्याला वळण आधीच ठाऊक असते, म्हणून ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही. मोबाईलमध्ये डोके घातलेल्याला अनेकदा लागते, कारण डोळे म्हणतात ‘स्थिर’ आणि कान म्हणतात ‘झरी गाव आले’.

स्थानिक अडचण एकच. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. त्यामुळे गेल्या वर्षी घोटवलेला धडा यंदा निम्मा बाद. लहान मेंदूची तक्रार नसते. तो पुन्हा पहिलीत बसतो. बांधकाम खात्याकडून मात्र तेवढ्या चिकाटीची अपेक्षा करू नये.

उभे राहण्याची जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली निवडावी; मागच्या चाकापलीकडचा भाग सर्वाधिक उसळतो. आणि वाटेत बोरी गावाला कुणी उठताना दिसले, तर शास्त्र बाजूला ठेवून आधी बसून घ्यावे.